साहेब मागे उभे आहेत

वाणिज्य शाखेच्या पदवीधराने टीका लिहू नये असा आमच्याकडे एक अलिखित नियम आहे. टीका लिहायची ती मराठी घेऊन एम.ए. झालेल्यांनी, आणि आम्ही फार तर त्यांच्या मानधनाचा चेक वटवून द्यायचा. पण मला विचाराल तर टीका म्हणजे ताळेबंदच की! जमेला काय, नावे काय आणि शेवटी शिल्लक काय, एवढंच तर सांगायचं असतं. तेव्हा आज मी एका व्हिडिओ गेममधल्या पहिलवानाचा ताळेबंद मांडणार आहे. पहिलवान म्हणायचा तो रिवाज म्हणून. गडी स्वतः एकदाही लढत नाही.

त्याचं असं झालं, की २०२४ च्या दिवाळीत पुण्याचा भाचा मोहोळला आला. भाऊबीज झाली, फराळ झाला, नागनाथाचं दर्शन झालं. त्यानंतर मोहोळमध्ये पाहुण्याला दाखवण्यासारखं आणखी काय आहे याचा मी विचार करत होतो, तेवढ्यात त्यानेच पिशवीतून दोन यंत्रं काढली. एक नवं, निन्टेन्डोचं ‘स्विच’. दुसरं जुनं, त्याच कंपनीचं ‘वी’. पुण्यातल्या त्याच्या खोलीत आता दुसऱ्या यंत्राला जागा नव्हती, म्हणून ते मामाच्या घरी ठेवायला आणलं होतं. मामाचं घर आणि जुन्या वस्तूंची अडगळ यांचा संबंध फार प्राचीन आहे.

“मामा, खेळता का?” त्याने विचारलं.

आता, मला मारामारीचा खेळ नवा नाही. बी.कॉम.ला सोलापुरात होतो तेव्हा व्हिडिओ पार्लरमध्ये ‘स्ट्रीट फायटर टू’पायी मी एसटीच्या भाड्याचे पैसे घालवलेले आहेत. तो खेळ १९९१ चा. त्यात केन आणि रयू असे दोन मोठे लढवय्ये होते. त्या खेळाचा हिशेब सरळ होता. तुम्ही म्हणजेच तो लढवय्या. त्याला बुक्की बसली की तुमचं नाणं बुडालं. मारणाराही तोच आणि मार खाणाराही तोच. व्यवहार रोखीचा, उधारी नाही.

भाच्याने लावलेल्या खेळाचं नाव ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’. हा २०१८ च्या डिसेंबरातला. यात निन्टेन्डोच्या आणि इतर कंपन्यांच्या खेळांतली पात्रं एकमेकांना बुकलतात. केन आणि रयूसुद्धा त्यात आहेत, हे पाहून मला गावाकडचं कोणीतरी मुंबईला भेटल्यासारखं झालं. या खेळात आयुष्याची पट्टी नसते, टक्केवारी असते. मार बसेल तसे तुमचे टक्के वाढतात, आणि टक्के वाढतील तसे तुम्ही दर फटक्याला अधिक लांब उडता. एकदा का चौकटीच्या बाहेर गेलात की एक जीव खलास. बँकेत याच्या बरोबर उलटं आहे. तिथे टक्के वाढतात तसा कर्जदार जड होतो आणि जागचा हलत नाही.

“तुम्ही हा घ्या,” भाचा म्हणाला, आणि त्याने मला पोकेमॉन ट्रेनर दिला.

पोकेमॉन म्हणजे काय हे मला थोडंफार ठाऊक होतं. २००३ पासून कार्टून नेटवर्कवर ते हिंदीत लागायचं. मी तेव्हा विशीत होतो आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो असं घरी सांगत होतो. खिशातल्या चेंडूत प्राणी कोंडायचा, वेळ आली की चेंडू फेकायचा, प्राणी बाहेर येऊन लढणार आणि आपण मागे उभं राहून ओरडणार. ट्रेनर हा असा मागे उभं राहून ओरडणारा प्राणी आहे. त्याच्या हाताखाली तिघे : स्क्वर्टल नावाचं निळं कासव, पाठीवर कळी घेऊन हिंडणारा आयव्हीसॉर आणि पंखवाला, शेपटीला आग लागलेला चारिझार्ड. मैदानात एका वेळी एकच. बटण दाबलं की आतला बाहेर आणि पुढचा आत. क्रम ठरलेला : कासव, कळी, आग, पुन्हा कासव. मधला वगळून थेट तिसऱ्याला बोलावता येत नाही. आमच्या बदल्यांच्या धोरणातही इतकी शिस्त नाही.

आणि गंमत पाहा. या खेळात प्रत्येक लढवय्याला क्रमांक आहे. स्क्वर्टल तेहतीस, आयव्हीसॉर चौतीस, चारिझार्ड पस्तीस. ट्रेनरला स्वतःचा असा क्रमांकच नाही. नाव मात्र त्याचं! फलकावर साहेबांचं नाव आणि हजेरीपटावर आमचे क्रमांक, ही व्यवस्था जपानातही आहे हे पाहून बरं वाटलं.

दहा मिनिटांत मला ते तिघे ओळखीचे वाटायला लागले. स्क्वर्टल म्हणजे आमच्या शाखेत नवीन लागलेला पोरगा. अंगाने हलका, पायाला भिंगरी, चार कामं एकदम धरतो. पण जरा जोराचा गिऱ्हाईक भेटला की पार दाराबाहेर उडतो. चारिझार्ड म्हणजे आमचे हेड कॅशियर, निवृत्तीला आलेले. जड, सहजी न हलणारे, आणि भडकले की मात्र समोरचा गेलाच. चारिझार्डचा एक डाव आहे, अंगाला आग लावून समोरच्यावर झेप घ्यायची. तो लागला तर भारी लागतो, पण त्यात स्वतः चारिझार्डलाही इजा होते. आमच्या हेड कॅशियरांना रक्तदाबाची गोळी त्यामुळेच चालू आहे.

राहता राहिला आयव्हीसॉर. तो म्हणजे आमच्या कॅशच्या मॅडम. बसल्या जागेवरून वेल लांबवर जातो, पानं भिरभिरत जातात, आवाज नाही, आदळआपट नाही, आणि काम मात्र चोख. मला तोच आवडला. तोच जिंकून देत होता. मग मी काय केलं? तो बाद झाला की खेळ नियमाप्रमाणे पुढच्याला, म्हणजे चारिझार्डला, पाठवायचा. मी लगेच दोनदा बटण दाबून पुन्हा आयव्हीसॉर आणायचो. असे पाच-सहा डाव झाले.

भाचा सहज बोलला, “मामा, तुम्ही एकालाच किती राबवता हो?”

मी हातातलं रिमोट खाली ठेवलं. सौ. आतून म्हणाल्या, “काय झालं? हरले का?”

काय झालं ते सांगण्यासाठी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जावं लागेल. त्या महिन्याच्या मध्यात ‘लाडकी बहीण’चे पहिले हप्ते जमा झाले. दोन महिन्यांचे मिळून प्रत्येकीला तीन हजार, म्हणजे पाचशेच्या सहा नोटा. थोड्याच दिवसांत राखीपौर्णिमा. सकाळी नऊपासून शाखेच्या पायरीवर आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या बाया. कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाचं खातं झोपलेलं, कुणाचं पासबुक पोराने शाळेत नेलेलं. नेमके तेव्हाच आमचे मॅनेजर रजेवर आणि ऑफिसर प्रशिक्षणाला. बदली आलेले साहेब कागदावर सह्या करण्यात बुडालेले. मी ज्येष्ठ, म्हणून कोणाला कुठल्या खिडकीवर बसवायचं तेवढं माझ्याकडे आलं. चार दिवसांचं राज्य!

नियमाने कॅशवर मॅडम आणि हेड कॅशियर यांनी आलटून पालटून बसायचं. पण हेड कॅशियर सावकाश मोजतात, गिऱ्हाइकाशी हुज्जत घालतात. पोरगा नोटा मोजताना मान वर करून गर्दीकडे बघतो आणि आकडा विसरतो. मॅडम बसल्या की रांग सरकते. बायाही हटून बसायच्या, “आवं सायब, आमी त्या म्याडमकडंच जातू. त्या बोलत्यात तरी नीट.” मी म्हटलं, जनतेचीच मागणी आहे. पहिला दिवस मॅडम. दुसरा दिवस मॅडम. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “उद्या जरा सरांना बसवता का?” मी म्हटलं, “अहो मॅडम, एक दिवसाचा तर प्रश्न आहे.” जगातली सगळी राबवणूक याच वाक्याने होते. चौथ्या दिवशी त्या जेवायलासुद्धा उठल्या नाहीत. म्हणजे मी उठवलं नाही.

संध्याकाळी कॅश जुळेना. तीनदा मोजली. तीन हजार कमी. बरोबर सहा नोटा. कुणा एका बहिणीला त्या दिवशी दोनदा ओवाळणी गेली होती! अकरा वर्षांत मॅडमच्या कॅशला एक रुपयाचा फरक आलेला नव्हता. आणि आमच्याकडची रीत अशी, की ज्याच्या ड्रॉवरला कमी पडलं त्याने खिशातून भरायचं. मॅडम काही बोलल्या नाहीत. पर्स उघडून बसल्या. त्यांचा हात थरथरत होता. मी कागदपत्रं आवरत मागे उभा होतो.

ट्रेनर अगदी तसाच मागे उभा असतो. त्याचे हात स्वच्छ असतात.

तर आता टीका. या पात्राच्या जमेच्या बाजूला दोन मोठ्या रकमा आहेत. पहिली म्हणजे, टक्केवारी तिघांची मिळून एक आहे. कासवाला ऐंशी टक्के मार बसलेला असताना तुम्ही आयव्हीसॉर आणला, तर तोही ऐंशी टक्के मार घेऊनच येतो. ताज्या दमाचा माणूस आणला म्हणून जुनं नुकसान पुसलं जात नाही. शाखेचा तोटा तो शाखेचा, खिडकीचा नव्हे. हे वाचायला साधं वाटतं, पण आमच्या ड्रॉवरच्या रीतीपेक्षा हा खेळ शहाणा आहे. दुसरी रक्कम म्हणजे, तिघांपैकी एकही पुरा नाही. आयव्हीसॉर इतका गुणी, पण मैदानाच्या बाहेर फेकला गेला की त्याला परत येता येत नाही. वेल फेकून कड पकडायची तेवढी त्याला जमते. कड लांब असली की गेला खाली. जाणते खेळाडू अशा वेळी हवेतच बटण दाबतात. आयव्हीसॉर चेंडूत, चारिझार्ड बाहेर, आणि तो पंख मारून सगळ्यांना घरी आणतो. भाच्याने मला ते करून दाखवलं तेव्हा मी टाळी वाजवली. ज्याला आपण सावकाश म्हणून बाजूला बसवतो तोच पडत्या वेळेला कामाचा असतो, हे या एका बटणात आहे.

आता नावे बाजू. ती समजण्यासाठी भाच्याने जुनं यंत्र जोडलं.

हा ट्रेनर मूळचा २००८ सालच्या ‘ब्रॉल’मधला. दिग्दर्शक दोन्ही वेळा तेच, मासाहिरो साकुराई. मध्ये २०१४ च्या आवृत्तीत ट्रेनर नव्हताच. चारिझार्ड एकटा होता. साहेब रजेवर गेले आणि हेड कॅशियरने एकट्याने शाखा चालवली, असा तो काळ. आणि तक्रार करण्यासारखं काही फारसं झालं नाही, हे साहेबलोकांनी ध्यानात ठेवावं.

तर २००८ च्या आवृत्तीत एक नियम होता, जो २०१८ मध्ये काढून टाकला. तिथे प्राणी थकायचा. बराच वेळ मैदानात ठेवलात की त्याचे फटके ढिले पडायचे, तो धापा टाकायचा. बाजूला बसवलात की दम खाऊन पुन्हा ताजा व्हायचा. शिवाय अदलाबदल हवेत करता यायची नाही, पाय जमिनीवर लागायचे. खेळणाऱ्यांचा या नियमावर राग होता. एखाद्याचं आयव्हीसॉरवर प्रेम, हात बसलेला त्याच्यावर, आणि खेळ म्हणतो, नाही, आता याला सुट्टी! नव्या आवृत्तीत थकवा गेला. आता हवा त्याला हवा तितका वेळ राबवा, तो पहिल्या फटक्याइतकाच ताजा.

खेळ म्हणून नवी आवृत्ती सरस आहे, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. जुन्यात मी बदल करायचो तो घड्याळाकडे बघून. समोरच्या डावाशी त्याचा संबंध नसायचा. सक्तीच्या रजेसारखं ते होतं. नव्यात बदल करावा लागतो तो डोकं वापरून. पण माझा आक्षेप दुसराच आहे. थकवा होता तेव्हा मला निदान माझ्या प्राण्याकडे बघावं लागत होतं. तो धापा टाकतोय का, त्याची पानं मंद पडली का. नव्या खेळात मी फक्त शत्रूकडे बघतो. आणि जो हुकूम देणारा नुसता समोरच्या गर्दीकडे बघतो, त्याला आपल्या खिडकीच्या आतला माणूस दिसेनासा होतो. हे मी समीक्षक म्हणून सांगत नाही, चार दिवसांचा साहेब म्हणून सांगतो.

माझे वडील शेतकरी. त्यांच्याकडे खिलार बैलांची एक जोडी होती. त्यातला एक ओढायचा आणि दुसरा ओढल्यासारखं करायचा. मी लहानपणी ओढणाऱ्यालाच जास्त हाकायचो, कारण तो ऐकायचा. वडिलांनी एकदा चाबूक काढून घेतला आणि म्हणाले, “जो ऐकतो त्याला मारायला काय लागतंय?” बैलांच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असायची. जिथे वर्षभर जू बसलं, त्या जागेला तूप-हळद चोळायची. वडील ते स्वतः करायचे, गड्याला सांगायचे नाहीत. चोळताना खांद्याला घट्टे कुठे पडलेत, कातडं कुठे सोललंय ते हाताला कळायचं. शिंगं रंगवणं, झूल घालणं हे दुसऱ्या दिवशी लोकांसाठी. आदली संध्याकाळ मालकासाठी असायची, त्याने काय केलंय ते त्याला कळावं म्हणून.

ट्रेनरच्या खेळात खांदेमळणी नाही. २००८ च्या आवृत्तीत निदान धाप होती. दोन्हींत नसलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि तीच मला सर्वांत मोठी त्रुटी वाटते. तिघांचे टक्के सामायिक आहेत, पण त्यांत चौथ्याचा वाटा नाही. ट्रेनर पाठीमागे उभा. त्याला कुणी मारू शकत नाही, त्याला एक टक्काही लागत नाही. पराभव झाला तरी टोपी जागच्या जागी!

तिघं एकत्र लढतात असा प्रसंग या खेळात एकच आहे. एक चमकता गोळा फुटला की त्याला ‘ट्रिपल फिनिश’ करता येतं. कासवाचं पाणी, आयव्हीसॉरचा सूर्यकिरण आणि चारिझार्डची आग, सगळं एकदम. बघायला फार छान. ट्रेनर तेव्हाही मागेच असतो.

त्या ऑगस्टच्या संध्याकाळी आमच्याकडे काय झालं ते सांगायचं राहिलंच. मॅडमनी पर्स उघडली, तेवढ्यात हेड कॅशियर उठले. खुर्चीतून उठायला त्यांना नेहमी दोन प्रयत्न लागतात. त्यांनी खिशातून दोन पाचशेच्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, “माझी पाळी होती. मी बसायला पाहिजे होतं.” पोरग्याने काही न बोलता हजार ठेवले, त्याचा पगार होऊन दोनच महिने झाले होते. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे उभा होतो. तिथून टेबलापर्यंत चार पावलं होती. ती चालायला मला जरा वेळ लागला, हे कबूल करतो. पण तीन हजार भरले. मॅडमनी पर्स मिटली. म्हणाल्या, “चहा मी सांगते.” शिल्लक शून्य, हिशेब जुळला.

दिवाळी संपवून भाचा पुण्याला गेला. नवं यंत्र घेऊन गेला, जुनं ठेवून गेला. आता रविवारी मी आणि चिरंजीव जुनाच खेळतो. आयव्हीसॉर धापा टाकायला लागला की चिरंजीव ओरडतात, “बाबा, बदला ना त्याला!” मी बदलतो. चारिझार्ड येतो, सावकाश वळतो, दोन मार जास्त खातो. आम्ही हरतो. सौ. म्हणतात, “एवढा खेळता आणि नेहमी हरताच कसे?”

आणि शाखेत, साहेब नसले आणि वाटणी माझ्याकडे आली की मी सकाळी आधी मॅडमच्या खिडकीशी जातो आणि विचारतो, “आज तुम्ही बसता, की सरांना बसवू?” बहुतेक वेळा त्या म्हणतात, “बसते मी.” पण परवा पहिल्यांदाच म्हणाल्या, “सरांना बसवा.” मग बारापर्यंत रांग दाराबाहेर गेली. हेड कॅशियरांनी दोघांशी हुज्जत घातली. रांगेतून एकजण ओरडला, “इथं साहेब कोण हाय?”

मी पुढे झालो.